बुलंदची पकड

हेमंतनं शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली, पट्टी सोडली आणि हात माझ्यापुढे धरला.

"बघ. आता तरी पटलं?"

उजव्या हाताला, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, बाहेरच्या अंगाला दातांच्या खुणा होत्या. दोन वर, दोन खाली. भोवतालची कातडी काळीनिळी पडली होती. मी त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला. कुठे फाटलेलं नव्हतं, ओरबाडा नव्हता.

"बुलंदनं केलं हे?"

"मग काय मी केलं?" तो चिडून म्हणाला. "परवा संध्याकाळी त्याचं जेवण ठेवायला वाकलो आणि धरला. कारण नाही, काही नाही. भालू, कुत्रा कामातून गेला."

भालू म्हणजे मी. खरं नाव भालचंद्र गाडेकर. नगरला माझं ताडपत्रीचं आणि गाड्यांच्या सीट-कव्हरचं दुकान होतं. रविवारी मात्र मी हेमंतच्या मैदानावर जाऊन जाड विजार चढवायचो, डाव्या हातावर गोणपाटाची भरीव बाही घालायचो आणि कुत्र्यांना अंगावर घ्यायचो. त्या अवतारात मी अस्वलासारखा दिसतो म्हणून क्लबातल्या मंडळींनी हे नाव ठेवलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

आमचा खेळ लोकांना सांगायला अवघड. रक्षक कुत्र्यांच्या स्पर्धा असतात. माझ्यासारखा एक माणूस, ज्याला हेल्पर म्हणतात, तो आरडाओरडा करत पळतो, काठी उगारतो. कुत्र्यानं वाऱ्यासारखं यायचं, फक्त बाही धरायची, पूर्ण जबड्यानं धरायची, आणि मालकानं "सोड" म्हटल्याबरोबर सोडायची. काठीला गादी लावलेली असते. तिचे दोन टोले खांद्यावर बसले तरी कुत्र्यानं पकड ढिली करायची नाही. त्यावर गुण मिळतात.

नवीन लोक यायचे आणि म्हणायचे, "कुत्रा जरा खुनशी करून द्या." हेमंत त्यांना बसवून घ्यायचा, चहा पाजायचा आणि समजावायचा. "खुनशीपणा आम्ही शिकवत नाही. आम्ही ओढ वाढवतो. ओढ असलेलं कुत्रं बाहीसाठी येतं. बाही हातातून काढून टाकली की ती तोंडात मिरवत पळतं, माणसाकडे ढुंकून पाहत नाही. रागावलेलं कुत्रं माणसासाठी येतं. ते ज्याला हवंय त्यानं दुसरीकडे जावं."

एकदा एका वकिलानं चिडून आपल्या कुत्र्याच्या तोंडावर पट्ट्याचा फटका मारला. हेमंतनं भर मैदानात त्याच्या हातातला पट्टा काढून घेतला. "या जागेत जनावरावर हात उगारलेला चालत नाही. तुम्ही उद्यापासून येऊ नका." वकील परत आला नाही. आमच्यात हेमंतबद्दल आदर होता तो असा.

आदराचं दुसरं कारण म्हणजे आप्पा. हेमंतचे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. नगर-कल्याण गाडी कित्येक वर्षं त्यांनी चालवली. निवृत्तीनंतर त्यांचं विसरणं सुरू झालं आणि वाढतच गेलं. हेमंतची बायको, सुनंदावहिनी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बदली अकोले तालुक्यात. त्या शनिवारी यायच्या, सोमवारी पहाटे जायच्या. मूलबाळ नव्हतं. हेमंतनं एमआयडीसीतली चांगली नोकरी सोडली आणि बापाला सांभाळायला घरी बसला. कल्याण रोडच्या त्या भागात लोक त्याला श्रावणबाळ म्हणायचे. चेष्टेनं नव्हे, मनापासून.

आणि बुलंद. तो आमच्या क्लबातला सगळ्यात देखणा कुत्रा होता. मॅलिनॉय जातीचा, तांबूस अंगाचा, काळ्या तोंडाचा. पिल्लू असताना मी त्याला गोणपाटाच्या चिंधीवर खेळवायला लागलो तेव्हापासून मी त्याला ओळखत होतो. पुण्याच्या स्पर्धेला पंधरवडा उरला होता, आणि हेमंत मला त्याच्या ओसरीवर बसवून हात दाखवत होता.

"डॉक्टरांना सांगितलंय मी," तो म्हणाला. "उद्या सकाळी येतात. इंजेक्शन देऊन मोकळं करायचं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"वेडा झालास का?"

"चावणारं कुत्रं घरात ठेवू? आप्पा आहेत घरात. उद्या त्यांना धरलं तर?" त्यानं पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. एका हातानं ती जमेना. मी बांधून दिली. "डॉक्टर म्हणाले, धडधाकट कुत्रा आहे, नुसत्या मालकाच्या सांगण्यावरून मी मारणार नाही. तुमच्या हेल्परनं सांगितलं की हा सुधारणार नाही, तर येतो. तू फक्त एक फोन कर."

"मी त्याला बघितल्याशिवाय?"

"तू काय बघणार? हात बघितलास ना?"

"हात बघितला म्हणूनच म्हणतोय. कुत्रा बघू दे."

अंगणात वारा सुटला होता, लिंबाचा पाला भिरभिरत ओसरीवर येत होता. हेमंत खाली बघून तो पायानं बाजूला करत होता. शेवटी म्हणाला, "बघ. पण त्यानं तुला फाडलं तर मला सांगू नकोस."

बाही आणि काठी माझ्या गाडीतच होती. मी विजार चढवत असताना घरातून आप्पा बाहेर आले. उंच माणूस, आता वाकलेला. अंगात खाकी शर्ट, तोही सगळी बटणं लावून. ते माझ्याकडे पाहून हसले. मला ते कंडक्टर समजायचे, आणि मीही त्यांना तसंच समजू द्यायचो.

"किती सीट झाल्या?"

"फुल्ल आहे, आप्पा. उभे पण आहेत."

"मग दे की डबल बेल."

मी काठीच्या मुठीनं ओसरीच्या खांबावर दोनदा टक्टक् केलं. आप्पा खुश झाले. खुर्चीत बसून त्यांनी हवेतलं मोठं चाक धरलं आणि डावीकडे वळवलं. थोडा वेळ ते तसेच जात राहिले. मग काहीतरी आठवल्यासारखे उठले, फाटकाकडे निघाले.

"आप्पा, बसा," हेमंत म्हणाला.

आवाज चढवला नव्हता त्यानं. आप्पा तिथल्या तिथे थांबले, मागे फिरले आणि खुर्चीत बसले. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, गुडघे जुळवून, अगदी नीट बसले. बापाला इतकं समजून-उमजून बसवता येतं याचं मला त्या वेळी कौतुकच वाटलं.

बुलंद मागच्या खोलीपाशी साखळीनं बांधलेला होता. तोंडाला जाळी. दोन दिवस त्याला कुणी सोडलं नव्हतं. मला आणि माझ्या हातातली बाही पाहून तो दोन पायांवर उभा राहिला आणि जाळीतून किंचाळायला लागला. ते भुंकणं नव्हतं. लहान पोरं जत्रेतल्या पाळण्यासमोर आली की जो आवाज करतात तसा तो आवाज. सगळं अंग शेपटीसकट हलत होतं.

मी जाळी काढली. "भालू, सांभाळ," हेमंत मागून म्हणाला. बुलंदनं माझी हनुवटी, कान, चष्मा, सगळं चाटून काढलं.

आधी मी त्याचं जेवण मागवलं. ताट ठेवलं, काढून घेतलं, परत ठेवलं, खातानाच त्यात हात घातला. तो थांबायचा, माझ्याकडे पाहायचा, मी "घे" म्हटलं की खायचा. लाळ गळत होती, पण ओठ वर गेला नाही.

"आता तू ठेव," मी हेमंतला म्हणालो.

"कशाला?"

"तुलाच चावलाय ना? ठेव."

हेमंतनं ताट उचललं. वाकला, ठेवलं. बुलंदनं खायला तोंड घातलं. गुरगुरला नाही, कान मात्र मागे गेले. एक डोळा वर करून तो पाहत होता, आणि ताटाकडे नव्हे, हेमंतच्या तोंडाकडेही नव्हे. त्याच्या उजव्या हाताकडे. हात हलला की त्याचे डोळे हलत. हेमंतनं हात खिशात घातला तेव्हा कुठे त्यानं निवांत खायला सुरुवात केली.

"बघितलंस?" हेमंत म्हणाला. "नजर बघितलीस?"

"बघितली."

मला काहीच उलगडा होत नव्हता. एवढं मात्र कळत होतं की जेवणावरून हा चावलेला नाही. घाबरलेला किंवा पिसाळलेला कुत्रा चावतो तेव्हा तो चावतो, सोडतो, परत चावतो, झटके देतो, मांस फाटतं. माझ्या अंगावर तशा दोन जुन्या खुणा आहेत. हेमंतच्या हातावरची खूण तशी नव्हती. बुलंदनं एकदाच धरलं होतं, धरून ठेवलं होतं आणि मग सोडलं होतं. मी त्याला शिकवलं होतं तस्सं. आणि वाकून ताट ठेवणाऱ्या माणसाच्या हाताला बाहेरच्या अंगानं, अशा उंचीवर ते कसं धरता येईल, हे मला जुळवता येत नव्हतं.

"मैदानात घे त्याला," मी म्हणालो.

मैदान म्हणजे घराच्या बाजूचा मोकळा प्लॉटच. ओसरीवरून सगळं दिसायचं. आप्पा खुर्चीत होतेच; त्यांना हा खेळ बघायला आवडायचा. एरवी बुलंदची जागा त्यांच्या खुर्चीखाली असायची. काम संपलं की तो पाणी पिऊन थेट तिथे जाऊन पसरायचा, आणि आप्पा पायानं त्याची पाठ चोळत बसायचे.

हेमंतनं पट्टा लावला आणि बुलंदला पलीकडच्या टोकाला नेलं. मी लिंबाखाली उभा राहिलो, आरोळी ठोकली आणि पळत सुटलो.

पाठीमागून त्याचे पाय ऐकू येतात. ते ऐकू येत असताना मागे न बघता पळणं, याची सवय होत नाही. बरोबर वेळ साधून मी वळलो, बाही पुढे केली आणि तो हवेतून आला. सगळं वजन हातावर. पकड पूर्ण, मागच्या दाढांपर्यंत. मी त्याला गरकन फिरवून जमिनीवर उतरवलं आणि रेटायला लागलो. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांत होते, मोठे, स्वच्छ, आनंदानं भरलेले. राग म्हणावा असा एक कण त्यात नव्हता. मला आतून इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं म्हणालो, "हेमंत, काही झालेलं नाही रे याला!"

आता शेवटचा भाग राहिला होता. मी काठी उगारली.

ओसरीवरून आवाज आला.

"नको. नको. उठत नाही मी."

आप्पांचा आवाज. पण असा मी कधी ऐकला नव्हता. बारीक, घाईचा.

"बसतो. बसलोय, बघ. बसलोय मी."

मी तिकडे पाहिलं. आप्पा खुर्चीत दुमडून बसले होते. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांवर गच्च दाबलेली, मान खांद्यांत गेलेली. काठी माझ्या हातात होती, मी त्यांच्यापासून चांगला लांब होतो, आणि ते माझ्याकडे पाहतही नव्हते. डोळे मिटून घेतले होते त्यांनी.

त्याच क्षणी माझा हात हलका झाला. बुलंदनं बाही सोडली होती.

हे मी आधीही कुणाला नीट सांगू शकलो नाही आणि आजही सांगता येईल असं वाटत नाही. तो कुत्रा टोले खाऊन सोडत नव्हता, पाण्याचा फवारा मारला तरी सोडत नव्हता. "सोड" हा शब्द त्याच्या मालकाच्या तोंडून आल्याशिवाय त्यानं कधी बाही सोडलेली नव्हती. कुणी काही म्हटलं नव्हतं. त्यानं सोडली आणि वळून तो ओसरीकडे पळाला.

"आप्पा! गप्प बसा!" हेमंत ओरडला आणि तोही तिकडेच निघाला, झपाझपा, उजवा हात वर करून.

बुलंद आधी पोहोचला. आप्पांच्या गुडघ्यांना पाठ लावून तो उभा राहिला. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे राहिले होते आणि शेपटी काठीसारखी ताठ झाली होती. इतका स्तब्ध कुत्रा मी त्याआधी पाहिला नव्हता. बाहीवर येतानाचा बुलंद कुठल्या कुठे गेला होता. उगारलेली काठी माझ्या हातात होती, पण तो माझ्याकडे पाहत नव्हता. हेमंतकडे पाहत होता.

हेमंत ओसरीच्या पायरीपाशी थांबला. हात अजून वर होता. पट्टी बांधलेला, कोपरात वाकलेला, बाहेरची बाजू कुत्र्याकडे. ते चार दात कुठे आणि कसे बसले असतील, ते मला दिसलं.

त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं हात एकदम खाली घेतला.

"भालू, बोलव त्याला," तो म्हणाला.

"तुझा कुत्रा आहे. तू बोलव."

"बुलंद, इकडे ये."

बुलंद हलला नाही.

मी काठी टाकली. बाही काढून जमिनीवर ठेवली. आप्पांपाशी जाऊन त्यांच्या पायाशी बसलो. बुलंदनं मला येऊ दिलं. "आप्पा, कुणी नाही. मी आहे, कंडक्टर," मी म्हणालो. ते हात खाली घेईनात. मी हळूच त्यांचं मनगट धरलं तेव्हा ते दचकले. खाकी बाही थोडी मागे सरली. खाली पिवळट, निळसर डाग होते, काही जुने, काही नवे. मी बाही परत सारखी केली.

"किती दिवसांपासून?" मी हेमंतकडे न बघता विचारलं.

"काय किती दिवसांपासून?"

तो तिथेच उभा राहिला. मग पाण्याच्या टाकीपाशी गेला आणि तिच्या आडोशाला उकिडवा बसला. थोड्या वेळानं मी तिकडे गेलो.

"रोज नाही," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसलो.

"तुला माहीत नाही भालू. तू येतोस, डबल देतोस आणि जातोस. ते सारखे उठतात. गाडी लावायचीय म्हणतात. दार लावलं तर दारावर डोकं आपटतात. एकदा हायवेवर सापडले, ट्रकसमोर. मला झोप नाही. कपडे बदलताना मला ओळखत नाहीत, चोर म्हणतात, आईवरून शिव्या देतात. माझ्या आईवरून. त्यांच्याच बायकोवरून." त्यानं टाकीला पाठ टेकवली. "पहिल्यांदा मी नुसतं खांदे धरून बसवलं. जोरात बसवलं. ते गप्प बसले. इतके गप्प बसले, की मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. मग पुढच्या वेळी..."



"आणि बुलंद?"

"आधी तो नुसता मध्ये यायचा. पायात घुटमळायचा. मी त्याला बाहेर काढून दार लावायचो. परवा दार लागलं नव्हतं." त्यानं पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातानं धरला. "मी हात उचलला आणि त्यानं धरला. ओढलं नाही, काही नाही. नुसता धरून ठेवला. मी 'सोड' म्हणालो. भालू, मी तीन-चारदा 'सोड' म्हणालो. सोडेना. मग मी हात ढिला केला, तेव्हा सोडला."

"म्हणून त्याला मारायला निघालास."

तो म्हणाला, "तो माझ्याकडे बघतो रे सारखा. घरात जाईन तिथं बघतो."

ऊन तिरपं झालं होतं. रस्त्यावरून एक एसटी गेली. आप्पा ओसरीवर काहीतरी पुटपुटत होते आणि मध्येच हसत होते. झालेलं सगळं ते विसरून गेले होते.

"तू घेऊन जा त्याला," हेमंत म्हणाला. "तुझ्याकडे चांगला राहील. कुणाला काही सांगू नकोस. मी नाही पुन्हा करणार."

"नाही."

"काय नाही?"

"मी कुत्रा नेला तर इथे कोण राहील?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी खिशातून फोन काढला आणि त्याच्यासमोरच डॉक्टरांना लावला. "डॉक्टर, गाडेकर बोलतोय. कुत्रा तपासला. चांगला आहे. उद्या येऊ नका." मग फोन त्याच्यापुढे धरला. "वहिनींना लाव."

"काय सांगू?"

"हेच."

"तू सांग."

"मी सांगणार नाही. तू सांग."

तो फोन हातात घेऊन बसून राहिला. मी पण बसून राहिलो. मला घाई नव्हती, आणि मी जाणार नाही हे त्याला कळलं होतं. शेवटी त्यानं नंबर लावला. वहिनी शाळेतून नुकत्याच खोलीवर आल्या असाव्यात. आधी त्यांचाच आवाज आला, आप्पा जेवले का, असं काहीतरी.

"सुनंदा," तो म्हणाला. "मी आप्पांना मारतो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो. हातानं... नाही, आज नाही... दिवाळीच्या आधीपासून." मग त्यानं तोंड फिरवलं. मी उठून लिंबाखाली गेलो आणि बाहीला लागलेली माती झटकत राहिलो.

वहिनी त्याच संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं आल्या. त्यांनी हेमंतला काय म्हटलं ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे सुजलेले होते आणि त्या नवऱ्याला हाताशी धरून नगरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन जात होत्या. आप्पांना नव्हे, हेमंतला. त्यांनी बिनपगारी रजा टाकली. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले भाऊसाहेब म्हणून एक गृहस्थ आप्पांसाठी दिवसभर यायला लागले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात लिंबाखाली एक जुनी खुर्ची टाकली, तिच्यापुढे ट्रॅक्टरचं मोडकं स्टिअरिंग रोवलं आणि आप्पांना रोज तासन्‌तास गाडी चालवू दिली. हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. हेमंतनं अर्धवेळ काम धरलं. एकदा, फार नंतर, त्यानं मला आपणहून सांगितलं की एका दुपारी त्याचा आवाज चढला आणि खाटेखालून बुलंद उठून उभा राहिला. तेव्हा तो घराबाहेर पडला आणि जकात नाक्यापर्यंत चालत जाऊन परत आला. हात मात्र पुन्हा उचलला नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण मी बुलंदला पाहत होतो. वर्षभरात तो परत हेमंतच्या पायांशी बसायला लागला.

पुण्याची ती स्पर्धा हुकली. पुढच्या वर्षी हेमंतनं त्याला उतरवलं. पळणं, झेप, पकड, सगळं पहिल्यासारखंच होतं. पण हेल्परनं काठी उगारली की बुलंद बाही तोंडात धरूनच डोळे फिरवायचा आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे बघून घ्यायचा. परीक्षकानं लक्ष विचलित होतं म्हणून गुण कापले. हेमंतनं हरकत घेतली नाही. त्यानंतर त्यानं त्याला कधी स्पर्धेत नेलं नाही, आणि नव्या लोकांना समजावून सांगायचं कामही त्यानं माझ्याकडे दिलं. आप्पा आणखी दोनेक वर्षं होते. गेले ते झोपेतच.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. हेमंतची माझी मैत्री तुटली नाही. मी तिकडे गेलो की बोलायला पुष्कळ असतं, पण त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोलत नाही. माझ्या डोळ्यांपुढून मात्र त्या दिवसाचा एक प्रसंग जात नाही. तो फोननंतरचा, वहिनी यायच्या आधीचा.

हेमंतनं टाकीवर तोंड धुतलं. डोळे लाल, केस ओले. तो ओसरीकडे आला आणि वर न चढता खालच्या पायरीवर, आप्पांच्या पायांपासून हातभर लांब बसला. हात दोन्ही गुडघ्यांवर, दिसतील असे. बुलंद आप्पांच्या पावलांवर पडला होता. त्यानं डोकं उचललं, हेमंतकडे पाहिलं, पण उठला नाही.

आप्पा खुर्चीतून पुढे वाकले. मुलाच्या तोंडाकडे खूप वेळ पाहत राहिले.

"कोण रे तू?"

हेमंतनं मान वर केली. त्याचे खांदे हलत होते.

"रडतोस का?" आप्पांनी हात लांब केला. तो हवेत जरासा चाचपडला आणि हेमंतच्या ओल्या केसांवर जाऊन टेकला. "कुणी मारलं तुला?"

हेमंतनं डोकं तसंच त्या हाताखाली राहू दिलं.

"बस इथं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, शेजारच्या पोराशी बोलावं तसा. "आता माझा पोरगा येईल शाळेतून. लई गुणी आहे. त्याच्यापाशी बस. तो असला की तुला कुणी मारणार नाही."

हेमंतनं मान हलवली.

"बसतो," तो म्हणाला.